एक नाव : विठ्ठल

प्रवेशअर्जावर मधले नाव लिहिताना मी ‘विठ्ठल’ऐवजी नुसते ‘वि.’ लिहिले होते. वडिलांचे नाव मला जुनाट वाटे. पुढे ग्रंथालयात बसून या नावाचा मागोवा घेतला, तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

पहिले क्रिकेटपटू पळवणकर विठ्ठल. चर्मकार समाजात जन्मलेल्या या बंधूंना १९२० साली हिंदू संघाच्या कर्णधारपदासाठी डावलण्यात आले, तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी खेळण्यास नकार दिला. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले.

दुसरे मास्टर विठ्ठल. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायक. कथा काल्पनिक राज्यातील, अद्भुतरम्य. हिंदुस्थानी उच्चार कच्चे, म्हणून बोलपटाच्या या नायकाला संवाद मात्र थोडेच !

तिसरे शाहीर विठ्ठल उमप. जन्म १९३१, आपल्या शेजारच्या नायगावातला. ‘जांभूळ आख्याना’तून द्रौपदीच्या मनातला कर्ण त्यांनी रंगमंचावर आणला, भीमगीतेही गायिली.

तिघांचे नाव देवाचे, पण मान मिळाला तो स्वतःच्या कष्टाने.

चौथे विठ्ठल परळचे. आजोबांची गिरणी होती त्या जागी आता टॉवर आहे. त्याच्या फाटकावर माझे वडील रात्रपाळीत पहारा करतात. विटेवरल्यासारखे, रात्रभर उभे. त्यांच्या उभे राहण्यावर माझी फी भरली जाते.

यंदाच्या परीक्षा-अर्जावर मी मधले नाव पूर्ण लिहिले आहे.