सावली जाईल तिकडे मुलं

काशीत शाळा साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात सुटतात आणि जून संपेपर्यंत बंद राहतात. नेमके हेच लू म्हणजे उन्हाळी झळांचा वारा चालण्याचे दिवस. पारा 44-45 अंशांना टेकतो आणि सकाळी दहानंतर गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. दूधविनायकात, पक्का महाल या जुन्या वस्तीतल्या घरात राहून नातवंडं आणि शेजारपाजारची मुलं सांभाळताना जे हाती लागलं, ते लिहिते आहे. मुलांना रमवायला विकतचं सामान फारसं लागत नाही. घरातली कुठली जागा कुठल्या वेळी थंड असते हे ठाऊक हवं, आणि आपल्या कामात मुलांना खरा वाटा द्यायला हवा. बाकी सगळं या दोन गोष्टींतून आपोआप निघतं.

1. दिवस उन्हाप्रमाणे वाटून घ्यावा. आमच्याकडची जुनी घरं उंच आणि अरुंद, मध्ये चौक आणि वर आकाश. पहाटे घाट, नऊपर्यंत चौक, दुपारी तळमजल्याची अंधारी खोली, दिवेलागणीनंतर छत. जाडजूड दगडी भिंतींमुळे खालची खोली भर दुपारीही सोसवते. मुलांना एकाच खोलीत दिवसभर कोंडलं की ती दोन तासांत एकमेकांच्या उरावर बसतात. जागा बदलली की खेळही बदलतो, त्यासाठी वेगळं काही सुचवावं लागत नाही.

2. सकाळची घाटावरची फेरी चुकवू नये. आमच्या गल्लीतून उतरलं की ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पुढे पंचगंगा. मे महिन्यात गंगा खाली गेलेली असते, एरवी पाण्यात असणाऱ्या पायऱ्या उघड्या पडतात आणि पलीकडे वाळूचा पट्टा दिसतो. मुलांसाठी माझा आवडता खेळ म्हणजे मराठी माणसांचे घाट ओळखणं. दुर्गाघाटाशी पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकरांचं नाव जोडलेलं आहे. पंचगंगेवर अहिल्याबाईंनी उभारलेला दगडी हजारा म्हणजे दीपस्तंभ आहे, कार्तिकी पौर्णिमेला त्याचे दिवे लागतात. तसंच काठाने पुढे गेलं की नागपूरकर भोसल्यांचा घाट आणि बायजाबाई शिंद्यांनी बांधवलेला सिंधिया घाट. तिथलं कललेलं रत्नेश्वराचं देऊळ पाहून दर वेळी एखादं पोर तरी विचारतं, ‘आजी, हे पडणार कधी?’ दशाश्वमेधाच्या पुढे अहिल्याबाई घाट आणि अमृतराव पेशव्यांचा राजा घाट, पण तिथवर चालत जायचं ते फक्त मोठ्या मुलांनी. एकनाथमहाराजांनी आपलं भागवत 1573 साली याच नगरीत पुरं केलं, हेही मी याच फेरीत सांगते. पायऱ्या उतरता उतरता ऐकलेलं मुलं विसरत नाहीत.

एक नियम मात्र कडक. मोठं माणूस पायरीवर उभं असल्याशिवाय पाण्यात पाऊल नाही. शेवाळलेली पायरी निसरडी असते आणि तिच्यापुढे लगेच खोल पाणी.

3. येताना काठाची ओली माती आणावी. घमेलंभर मातीत आठवडा जातो. चौकात जुनं पोतं अंथरायचं. मुलं बैल करतात, चूल करतात, गणपती तर करतातच. खडे वेचून माती नीट मळली नाही की वाळताना चिरते. हे मी आधी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी बैलाचा पाय निखळला की मुलं आपणहून माती जास्त मळू लागतात. चहाचे, लस्सीचे कुल्हड धुऊन ठेवले की भातुकलीची भांडीही होतात आणि काठीला दोन बाजूंना बांधले की तराजूही होतो. त्या तराजूवर चिंचोके आणि खडे तोलत आमची धाकटी अर्धी सकाळ घालवते.

4. वाळवणात मुलांना घ्यावं. इथली कोरडी हवा वाळवणाला फार चांगली, साबुदाण्याच्या पापड्या दिवसभरात कडकडीत वाळतात. पण पक्क्या महालात माकडांचं राज्य आहे. म्हणून आम्ही जाळी लावलेल्या भागातच वाळवण घालतो आणि मुलांना उघड्या छतावर राखणीला कधीच बसवत नाही, माकड हातातलं हिसकावताना चावतं. पळीने पापडी घालणं, कडा सुटली का पाहणं, संध्याकाळी मोजून डब्यात भरणं ही कामं मुलांची. अर्धवट वाळलेल्या पापड्या गट्टम होणारच, तेवढं पीठ जास्त शिजवावं.

5. खरबुजाच्या बिया हा माझ्या मते दुपारचा सगळ्यात उत्तम उद्योग आहे. उन्हाळ्यात खरबूज रोज घरात येतं आणि बिया पुष्कळ घरांतून गरासकट फेकल्या जातात. आमच्याकडे त्या चाळणीत घेऊन पाण्याखाली चोळतात. बुळबुळीतपणा जाईपर्यंत चोळायचं, मग फडक्यावर पसरून वाळवायचं. वाळल्या की वरची पातळ पापडी फुंकरीने उडते. सोलायची युक्ती अशी: बी आडवी न धरता कडेवर उभी धरायची आणि टोकाशी नखाने हलकेच दाबायचं. साल उकलते, आत पांढराशुभ्र मगज. जोर जास्त झाला तर तो मोडतो, कमी झाला तर साल हलतही नाही. लहान बोटांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमतं.

चार-पाच मुलं ताटाभोवती बसली की हात चालू राहतात आणि तोंडंही. कुणी भेंड्या सुरू करतं, कुणी भुताच्या गोष्टी. अशा वेळी मुलं मनातलं बोलतात. शाळेत कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला गणिताची भीती वाटते, हे मला समोर बसवून विचारल्यावर कधी कळलेलं नाही, बिया सोलताना कळलं आहे. आठवडाभराच्या बियांतून वाटीभर मगज निघतो. बाजारात मगज स्वस्त नाही. ठंडाईत, लाडवात तो पडतो तेव्हा कुणी सोललेला आहे हे पाहुण्यांना आवर्जून सांगावं.

6. एखादा पट जमिनीवर कायमचा असू द्यावा. आम्ही खालच्या खोलीच्या फरशीवर खडूने नवकंकरी आखतो. एकात एक तीन चौकोन, बाजूंचे मध्य जोडलेले, एकूण 24 घरं. एकाच्या नऊ कवड्या, दुसऱ्याचे नऊ चिंचोके. तीन सलग लागले की समोरच्याची एक सोंगटी उचलायची. सात वर्षांचं मूल ऐंशी वर्षांच्या पणजोबांना हरवू शकतं, असा खेळ घरात हवाच. खरेदीच करायची असेल तर काशीतच लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी होतात. असा एक भोवरा किंवा लाकडी भांड्यांचा एक संच पुष्कळ उन्हाळे टिकतो.

7. हवेचा अभ्यास फुकट होतो. दोन सारख्या बाटल्यांत पाणी भरायचं, एकीला ओलं फडकं गुंडाळायचं, दोन्ही वाऱ्याच्या झरोक्यात ठेवायच्या. पछुवा म्हणजे पश्चिमेचा कोरडा वारा असला की फडक्याच्या बाटलीतलं पाणी चांगलंच गार होतं. जूनमध्ये पुरवैया म्हणजे पूर्वेची हवा सुरू झाली, हवेत दमटपणा आला, की दोन्हींत फारसा फरक उरत नाही. सुरई कशी चालते आणि जूनअखेरीला कूलर का हात टेकतो, हे मुलांना त्यातून स्वतःच्या हाताला कळतं. आमच्या मोठ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज ‘प’ किंवा ‘पु’ लिहायची सवय लावून घेतली आहे.

8. ‘कंटाळा आला’ म्हटल्याबरोबर धावू नये. थोडा वेळ जाऊ द्यावा. पुष्कळदा पुढचा खेळ त्या कंटाळ्यातूनच निघतो. लगेच मोबाइल हातात दिला तर तो निघत नाही.

9. वाचायला मराठी काहीतरी हाताशी हवं. आमची मुलं गल्लीत हिंदी बोलतात, शाळेत हिंदी-इंग्रजी, मराठी फक्त घरात. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. मोबाइल वापरायचाच तर त्यासाठी. मी एक गोष्ट अर्धी वाचून दाखवते आणि स्वयंपाकाला उठते. पुढचं काय झालं ते त्यांनी वाचून मला सांगायचं. अडखळत वाचलं तरी मध्ये दुरुस्ती करत नाही. काशीतली मराठी घरं कमी होत चालली आहेत, ही भाषा पुढच्या पिढीच्या तोंडी राहावी असं मला मनापासून वाटतं, आणि ते काम सुट्टीत जितकं होतं तितकं वर्षभर होत नाही.

10. रात्री छत. संध्याकाळी पाणी शिंपडलं की दगडाची धग उतरते. मेच्या शेवटी नऊच्या सुमाराला उत्तरेकडे सप्तर्षी उंच असतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे न्यायचा, आधी तांबूस स्वाती, मग दक्षिणेकडे चित्रा. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून अरुंधती. ती ज्याला दिसेल त्याने मधल्या गादीवर झोपायचं. आग्नेयेला वृश्चिक वर येत असतो. पंचांग जवळ असलं तर सूर्य रोहिणीत साधारण 25 मेला येतो आणि मृगात 7-8 जूनला, हेही दाखवता येतं. महाराष्ट्रातून आलेली भाचरं मृग लागला की पावसाची वाट पाहतात. इथे त्यानंतरही दहाबारा दिवस तापतं.

11. दुपारी मुलं एकाच घरी नकोत. पाळी लावावी. आज आमच्याकडे, उद्या समोरच्या काकूंकडे, परवा वरच्या भाडेकऱ्यांकडे, ते बंगाली आहेत. ज्याच्या घरी पाळी त्याने फक्त पन्हं किंवा बेलाचं सरबत द्यायचं, फराळ नाही, म्हणजे कुणावर ओझं होत नाही. आमच्याकडचं पन्हं गूळ-वेलचीचं, समोरच्या घरी भाजलेल्या कैरीचं, पुदिना-जिरं घातलेलं. मुलं दोन्हींवर ताव मारतात.

12. जूनअखेर वर डोंगरात पाऊस झाला की इथे ढग नसतानाही गंगा गढूळ होते आणि पायऱ्या एकेक करून बुडू लागतात. पाण्याचा रंग बदलला की त्याच दिवसापासून घाट बंद. सकाळची फेरी मग मैदागिनच्या कंपनीबागेत.