इस्लाममधील नीती आणि आपले पंचशील

बुलढाणा जिल्ह्यात बौद्ध वस्ती आणि मुसलमान मोहल्ला यांचा शेजार जुना आहे. मलकापूर, खामगाव, चिखली, मेहकर, कोठल्याही गावच्या आठवडी बाजारात आपल्या माणसांचा त्यांच्याशी व्यवहार होतो. त्यामुळे नवदीक्षित कुटुंबातील तरुण विहारात विचारतात, "तेही शेंदूर फासलेल्या दगडापुढे वाकत नाहीत आणि आपणही ते सोडले. तेही दारू निषिद्ध मानतात, आपणही मानतो. मग बाबासाहेबांनी तो मार्ग का घेतला नाही?" प्रश्न रास्त आहे. ज्याचा अभ्यास केला नाही त्याची निंदा करू नये आणि स्तुतीही करू नये. म्हणून या पाठात इस्लामची नीती काय सांगते ते आधी पाहू व मग तिची आपल्या धम्माशी तुलना करू.

१. इस्लामची नैतिक शिकवण

इस्लामचे पाच आधार सांगितले जातात: कलमा, नमाज, रोजा, जकात आणि हज. यांपैकी जकात हा नीतीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक संपत्ती वर्षभर जवळ राहिली, तर तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, गरिबांसाठी काढावा लागतो. तो कोणाला द्यावा हेही कुराणाच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. त्यात गरीब, गरजू, कर्जात बुडालेले, वाटसरू आणि गुलामीतून सुटू पाहणारे येतात. श्रीमंताच्या धनात गरिबाचा हक्क आहे, ही त्यामागची भूमिका होय.

व्यवहाराविषयीही कुराणात स्पष्ट आज्ञा आहेत. माप घेताना पुरे घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्या व्यापाऱ्यांचा निषेध करणारा एक स्वतंत्र अध्यायच आहे. अनाथांची मालमत्ता गिळंकृत करणे हे मोठे पाप मानले आहे. आईवडील म्हातारे झाले म्हणजे त्यांना उलट बोलू नये, शेजारी आपल्या नात्यातला असो वा परका असो, त्याच्याशी चांगले वागावे, असे सांगितले आहे. दारू आणि जुगार वर्ज्य आहेत. व्याज घेण्यास मनाई आहे. सावकारी पाशात पिढ्या घालवलेल्या आपल्या वऱ्हाडातील शेतकरी व मजूर कुटुंबांना या मनाईचे मोल वेगळे सांगावयास नको.

मुलींना वारसा हक्क नसण्याच्या काळात, सातव्या शतकात, कुराणाने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा दिला. त्या काळी ते मोठे पाऊल होते. आज आपल्याला लागू असलेल्या वारसा कायद्याने, २००५ च्या दुरुस्तीनंतर, वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आहे. परंतु आपल्यापैकी किती भाऊ तो बहिणीला आनंदाने देतात? हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

माणूस वंशाने श्रेष्ठ ठरत नाही, सदाचरणाने ठरतो, हीही कुराणाची शिकवण आहे. बिलाल हा हबशी गुलाम होता. गुलामीतून मुक्त झाल्यावर त्याला अजान देण्याचा मान मिळाला. ज्यांच्या आवाजाचाही विटाळ मानला गेला, त्या आपल्या लोकांना या घटनेचा अर्थ चटकन कळेल.

२. साम्य कोठे आणि भेद कोठे

पंचशील समोर ठेवून पाहा. चोरी, व्यभिचार, असत्य आणि मादक पदार्थ यांविषयी दोन्हीकडे मनाई आहे. पहिल्या शीलात मात्र अंतर दिसते. निरपराध माणसाची हत्या इस्लामही घोर पाप मानतो. तथागतांची करुणा सर्व प्राणिमात्रांपर्यंत जाते.

आणखी एक साम्य लक्षात घ्यावे. कर्माचे मोल नियतीवर, म्हणजे मनातील हेतूवर ठरते, असे पैगंबरांचे वचन प्रसिद्ध आहे. तथागतांनी तर चेतनेलाच कर्म म्हटले आहे. लोकांना दिसावे म्हणून केलेले दान दोन्हीकडे हलकेच ठरते.

खरा भेद नीतीच्या पायात आहे. इस्लाममध्ये नीती ही अल्लाहची आज्ञा आहे, पैगंबरांनी ती माणसांपर्यंत आणली आणि कयामतच्या दिवशी तिचा हिशेब होणार आहे. धम्मात आज्ञा देणारा कोणी नाही. माणसाला माणसाची गरज आहे, एकाच्या दुष्कृत्याने दुसऱ्यास दुःख होते, म्हणून नीती आवश्यक आहे. केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी सांगितले की परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू म्हणतो एवढ्यावरून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या.

परमपूज्य बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा घेतली. या २१ वर्षांत त्यांनी निरनिराळे धर्म पारखले. १९५० साली महाबोधी मासिकातील लेखात त्यांनी लिहिले की पैगंबरांनी स्वतःस ईश्वराचा अखेरचा प्रेषित म्हटले, तर बुद्धांनी स्वतःस केवळ मार्गदाता म्हटले, मोक्षदाता म्हटले नाही. धर्म बुद्धीस पटणारा असावा, त्याने स्वातंत्र्य, समता व बंधुता मान्य करावी आणि दारिद्र्याचे उदात्तीकरण करू नये, ही त्यांची कसोटी होती. तरुणांच्या प्रश्नाचे उत्तर या कसोटीत आहे.

३. तत्त्व आणि आचरण

तत्त्व उच्च असले तरी समाज त्याप्रमाणे वागतोच असे नाही. भारतातील मुसलमान समाजातही उच्चनीच भेद शिरले आहेत, हे बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयीच्या ग्रंथात दाखवले आहे. पण तीच मोजपट्टी आपल्यालाही लावली पाहिजे. दीक्षा घेऊन पोटजात पाहून सोयरीक करणारा आणि नामकरणाच्या जेवणात दारू वाटणारा बौद्ध कोणत्या तोंडाने दुसऱ्यास नावे ठेवणार?

याच मोजपट्टीने आपल्या जिल्ह्यातील एक गोष्ट पाहू. पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, संदल निघतो. सर्व जातिधर्मांचे लोक येतात आणि अंगात भूत शिरले असे समजून मनोरुग्णांनाही आणले जाते. आपल्या वस्त्यांतूनही काही कुटुंबे जातात. सुनेला झोप येत नाही, मुलगा एकटाच बडबडतो, की गाडी ठरते.

आता विचार करा. मदत केवळ अल्लाहकडेच मागावी, हा इस्लामचा मूळ सिद्धांत आहे. म्हणून कबरीपुढे नवस बोलणे अनेक मुसलमान विद्वानांनाही मान्य नाही. आपण तर २२ प्रतिज्ञा घेऊन ईश्वर, अवतार व कर्मकांड यांचा त्याग केला आहे. म्हणजे हा नवस धम्मात बसत नाही आणि इस्लामच्या त्या मूळ सिद्धांतातही बसत नाही. तो आपल्या भीतीतून आलेला आहे.

या भीतीची किंमत रुग्ण मोजतो. तमिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका मनोरुग्ण निवासात, ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. त्यांना पळताही आले नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मनोरुग्णास साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने निषिद्ध आहे. मनाचा आजार हा आजारच आहे, त्याला औषध आहे. सरकारी रुग्णालयात न्या. १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस सेवेत फोन करून विनामूल्य सल्लाही मिळतो.

दर्ग्यास जाणाऱ्यांची टवाळी मात्र करू नये. दुःखाने गांजलेला माणूस मिळेल ती काठी धरतो. त्याच्या हाती बरी काठी देणे हे आपले काम आहे. मुसलमान शेजाऱ्याच्या ईदेला जरूर जा, शीरखुर्मा घ्या, त्याला वैशाखी पौर्णिमेस घरी बोलवा. त्याच्याकडून मापातली सचोटी, व्यसनमुक्ती आणि मिळकतीतून नियमित दान काढण्याची शिस्त शिकण्यासारखी आहे. भीती मात्र कोणाकडूनही घेऊ नका.

अभ्यासासाठी प्रश्न
१. जकात आणि धम्मातील दान यांत साम्य व भेद कोणते?
२. नीतीचा पाया आज्ञा असणे आणि प्रज्ञा-करुणा असणे, यांनी आचरणात काय फरक पडतो?
३. आपल्या वस्तीत कोणी मनाने आजारी असेल, तर त्या कुटुंबासाठी या पंधरवड्यात आपण काय करू शकतो?

रविवारच्या वंदनेनंतर या प्रश्नांवर घरातील स्त्रियांसह चर्चा करावी.

नमो बुद्धाय! जय भीम!