४.३ कामाच्या ठिकाणी वजनवाढीचा प्रतिबंध

आपल्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. त्यामुळे या उपघटकातील विवेचनाचा पडताळा आपण आपल्याच कचेरीत, एस.टी. आगारात किंवा कारखान्यात घेऊ शकाल.

कामाचे स्वरूप आणि शरीर यांचा संबंध दाखविणारा प्रसिद्ध अभ्यास बसगाड्यांवरच झाला. जेरी मॉरिस व सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. बसून काम करणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक आढळला. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांत कमी. १९५६ मध्ये त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे पाहिली, तेव्हा चालकांची कंबर मोठी निघाली. मुळातच स्थूल प्रकृतीची माणसे बैठे काम पत्करतात काय, हा प्रश्नही त्यातून पुढे आला. कारण आणि परिणाम यांची गल्लत होऊ नये, यासाठी तो लक्षात ठेवावा.

आता अकोल्याच्या एखाद्या डाळ मिलचा विचार करा. एकाच आवारात पोती वाहणारा हमाल, हिशेब लिहिणारा कारकून, धान्य निवडणारी स्त्री आणि रात्रपाळीचा चौकीदार असतो. या सर्वांसाठी ‘वजन घटवा’ स्पर्धा ठेवणे म्हणजे आरोग्याची थट्टाच. हमालाला पुरेसे अन्न हवे, मे महिन्याच्या उन्हात पाणी व सावली हवी. चौकीदाराला झोप हवी. वजनवाढीचा धोका प्रामुख्याने कारकुनाला, आणि नेमका तोच अनेकदा सडपातळ दिसतो.

हे कसे? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीर वस्तुमान निर्देशांक, म्हणजे बीएमआय, २२.३ होता. मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! म्हणूनच भारतीयांसाठी अतिवजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ मानली जाते, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. काट्याइतकेच मोजपट्टीलाही महत्त्व द्यावे. मोजमाप मात्र चारचौघांत करू नये. आकडे फलकावर लागले की पुढच्या तपासणीला माणसे रजा टाकतात.

उपायांचा आरंभ चहापासून करता येईल. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला सुमारे ३२ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ती २५ ग्रॅमच्या आसपास असणे अधिक हितावह. साखर वेगळी ठेवल्यास कोणावर सक्ती होत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत कामगार-प्रतिनिधित्वाची तरतूद केली. आलुबोंड्याशेजारी भाकरी-वरण मिळावे, ही मागणी अशा समितीत मांडता येते.

व्यायामाचा प्रश्न अधिक अवघड आहे. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. वऱ्हाडाला व्यायामाचे वावडे नाही. परंतु पहाटे पाणी भरून, डबे करून कामावर येणाऱ्या स्त्रीला सकाळी सहाचा योगवर्ग काय उपयोगाचा? तिच्यासाठी तो कामाच्या वेळेतच, पगार न कापता, ठेवावा लागेल. व्यवस्थापन नेमके येथेच थबकते.

स्वयंअध्ययन : आपल्या कामाच्या ठिकाणचे तीन वेगळ्या स्वरूपाचे कर्मचारी निवडा. त्यांच्या बसण्याच्या, खाण्याच्या व झोपेच्या वेळा त्यांच्या संमतीने नोंदवा आणि प्रत्येकासाठी एकेक वेगळा उपाय सुचवा.