स्ट्रीमर बदलायचा की खोली? : ध्वनीच्या पाठाला जोडून घरचा प्रयोग



आपल्या राहात्यातही टेपरेकॉर्डरची जागा आता मोबाइलने घेतली आहे. गाण्याची आवड असलेल्या काही घरांत स्ट्रीमरही दिसतो. स्ट्रीमर म्हणजे इंटरनेटवरचं गाणं घेऊन ॲम्प्लिफायरला देणारी छोटी पेटी. आवाज मनासारखा येत नाही, की लगेच वाटतं, आणखी महागाची पेटी घ्यावी. पैसे घालण्याआधी मुलांना सोबत घेऊन थोडा विचार करू या.

आवाजाचा प्रवास

गाण्याची फाइल → इंटरनेट → स्ट्रीमर → डॅक (अंकांचे विद्युत संकेत करणारा भाग) → ॲम्प्लिफायर → स्पीकर → खोली → कान.

फाइल म्हणजे नुसते अंक. ते अंक बिनचूक पोहोचले, तर महागडी पेटी त्यात भर घालू शकत नाही. खरा फरक पडतो तो शेवटच्या टप्प्यांवर, म्हणजे स्पीकर आणि खोलीत.

थोडं गणित

सीडीवर दर सेकंदाला 44,100 नमुने असतात. प्रत्येक नमुना 16 बिटचा आणि वाहिन्या दोन.
44,100 × 16 × 2 = 14,11,200 बिट.
320 केबीपीएसच्या एमपीथ्री फाइलमध्ये याच्या चौथ्या भागापेक्षाही थोडे कमी बिट असतात. हा गुणाकार मुलांकडूनच करून घ्या.

बिनखर्चाच्या सुधारणा

1. ॲपच्या सेटिंगमध्ये आवाजाचा दर्जा बघा. डेटा वाचवायला तो कमी ठेवलेला असू शकतो.
2. ब्लूटूथवरून पाठवताना गाणं सहसा पुन्हा आकुंचित होतं. शक्य तिथे वायर किंवा वायफाय वापरा.
3. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. कोपऱ्यात खर्जाचा आवाज फुगतो.
4. सिमेंटच्या भिंती, स्लॅब आणि फरशी आवाज परत फेकतात. सतरंजी, जाड पडदा, घडी केलेल्या गोधड्या तो शोषतात.
5. घर नगर-मनमाड रस्त्यालगत असेल, तर रहदारी कमी झाल्यावर ऐका. बारीक स्वर गोंगाटात बुडतात.

करून पाहा

एकच गाणं दोन प्रकारे लावा: एकदा ब्लूटूथने, एकदा वायरने. दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवा. जरा मोठा आवाज आपल्याला उगाच 'चांगला' वाटतो. एकाने नाणं उडवून प्रकार ठरवायचा, दुसऱ्याने पाठ करून ओळखायचं. असं 10 वेळा करा. नुसत्या अंदाजानेही साधारण 5 उत्तरं बरोबर येतात. 9 किंवा 10 आली, तर फरक खरंच ऐकू येतो असं मानायला हरकत नाही. नवा स्ट्रीमर घेण्याआधी कुणाचा तरी मागून आणा आणि हीच कसोटी लावा.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, ते लोकांनी साध्या रेडिओवरच मन लावून ऐकलं. जुन्या ध्वनिमुद्रणात जे टिपलंच गेलं नाही, ते कुठलीही पेटी आणून देणार नाही.

आठवी-नववीला ध्वनी शिकवताना हा प्रयोग घरी द्या. जाहिरातीतला दावा स्वतः तपासायची सवय मुलांना लागली, तर ती स्पीकरपुरती राहणार नाही. उद्या मोबाइल, खत, औषध घेतानाही उपयोगी पडेल.

विचार करा : रिकाम्या वर्गात आवाज घुमतो, पण मुलं बसल्यावर का घुमत नाही?