मायक्रोवेव्ह ओव्हन : किरणांची भीती नको, बाटलीची आणि भाताची काळजी घ्या

नवरा-बायको दोघेही कामावर जातात अशा आपल्या अनेक घरांत आता मायक्रोवेव्ह ओव्हन आला आहे. सकाळची भाजी रात्री दोन मिनिटांत गरम होते, ही सोय काही लहान नाही. पण त्याच्याबद्दल बोलणे निघाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : याच्या किरणांनी कॅन्सर होतो का?

तेवढे आधी सांगून टाकू. या लहरी एक्स-रेच्या जातीच्या नाहीत, रेडिओच्या जातीच्या आहेत. त्या अन्नातले पाण्याचे रेणू हलवतात आणि त्यातून उष्णता तयार होते. ओव्हन बंद झाला की लहरीही संपतात, अन्नात काही उरत नाही. दाराच्या काचेत दिसणारी बारीक छिद्रांची जाळी त्यांना आतच अडवते. दार नीट लागत नसेल किंवा बिजागरी वाकली असेल, तर मात्र दुरुस्ती होईपर्यंत ओव्हन वापरू नये.

आम्हाला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हा ओव्हन सगळीकडे सारखे तापवत नाही. लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच खोल शिरतात, त्यामुळे कड चटका देते आणि मधला भाग गारच राहतो.

याचा सर्वांत मोठा धोका तान्ह्या बाळाला आहे. बाटली हाताला कोमट लागते, पण आतले दूध तोंड भाजेल इतके तापलेले असू शकते. म्हणून बाळाचे दूध, मग ते आईचे काढून ठेवलेले असो की पावडरचे, मायक्रोवेव्हमध्ये कधीच तापवू नका. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा, हलवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहा. नातवंडे सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनाही हे आवर्जून सांगा.

दुसरी गोष्ट शिळ्या भाताची. शिजवल्यावरही भातात काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात. भात तासन् तास ओट्यावर राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात त्याहून लवकर. कोणतेही अन्न गरम करताना झाकण सैल ठेवा, अर्ध्यावर थांबून ढवळा, शेवटी दोन मिनिटे तसेच राहू द्या. मधोमध वाफ निघाली तरच गरम झाले असे समजा.

भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे घ्या, तेही मायक्रोवेव्हसाठी चालते असे लिहिलेले. स्टीलचा डबा, अॅल्युमिनियमची फॉइल, सोनेरी काठाची बशी यांतून ठिणग्या उडतात. श्रीखंडाचे रिकामे डबे आपण जपून ठेवतो, ठेवावेत, पण डाळ-साखर भरायला! तापवायला नाही. सालीसकट अंडे आत ठेवू नका, ते फुटते. नुसते पाणी जास्त वेळ तापवले तर बुडबुडे न दिसताही ते उकळण्यापलीकडे जाते आणि चमचा घालताच अंगावर उसळते.

भाजलेच तर वाहत्या नळाखाली वीस मिनिटे धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. बाळाचे तोंड भाजले तर लगेच दवाखाना गाठा.

आत काही पेटले तर दार उघडू नका, आधी भिंतीवरचे बटण बंद करा. जोडणी अर्थिंग असलेल्या मोठ्या सॉकेटलाच हवी, एक्स्टेंशन बोर्डवर नको. आणि घरातल्या हौशी कारागिराला मागचे झाकण उघडू देऊ नका : प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार शिल्लक असतो.