वीस एक की एकवीस?

प्रश्न : माझी नात दुसरीत ‘वीस एक, वीस दोन’ असे आकडे शिकली. आता नातू पहिलीत आहे, त्याचीही पुस्तकं नवी. पद्धती अशा बदलत राहिल्या तर वर्षानुवर्षं एकाच रीतीनं शिकवणारे शिक्षक काय करतात? की पुस्तक तेवढं बदलतं आणि शिकवणं तेच राहतं?
– एक आजी, बार्शी

उत्तर : आजी, तुमचंच उदाहरण धरू. 2019 च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितातल्या ‘वीस एक’चा वाद थेट विधिमंडळात गेला. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. ‘एकवीस’ काढून टाकलेलं नव्हतं, जोडीला ‘वीस एक’ दिलं होतं. तरी ओरड झाली ती मराठी बुडाल्याची.

दुसरी शिकवणाऱ्यांना मूळ अडचण आधीपासून ठाऊक होती. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र दोन आधी. कानावर विश्वास ठेवणारं मूल 52 लिहितं. एकोणतीस त्याहून अवघड : ऐकू येतं तीस, लिहायचं विसाच्या घरातलं. एकोणनव्वदपर्यंत ही रीत अंगवळणी पडते, तोच पुढे नव्याण्णव येतं! ‘एकोणशंभर का नाही?’ असं विचारणारं मूल मला फार आवडायचं. कन्नडमध्ये एकवीस म्हणजे ‘इप्पत्तोंदु’, आधी वीस, मग एक. तुमच्या सोलापूर जिल्ह्यात घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांना मराठी आकडे शिकताना हा क्रम उलटा करावा लागतो.

मी बारा वर्षं पहिली-दुसरी शिकवली. ‘वीस पाच’ मलाही आधी कानाला खटकलं. मग काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले. दोन गठ्ठ्यांवर हात ठेवून मुलं म्हणायची ‘वीस’, सुट्या काड्यांवर ‘पाच’, आणि शेवटी सगळी मिळून ‘पंचवीस’. काही आठवड्यांनी ‘वीस पाच’ आपोआप गळून पडलं. मूल चालायला लागलं की पांगुळगाडा सुटतो, तसंच. गठ्ठे जुनेच होते, नवा शब्द त्यांच्यावर नेमका बसला. बहुतेक शिक्षक बदल असेच स्वीकारतात : वर्गातल्या रोजच्या चुकीवर नवी गोष्ट लागू पडते का, ते पाहून.

जो बदल नुसता कागदावरून येतो, तो मात्र कागदावरच राहतो. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रत्येक मुलाकडे रोज नीट पाहावं, ही त्यातली कल्पना मला आजही मोलाची वाटते. पण दोन शिक्षकांवर चार वर्ग असतील तिथे नोंदवह्या भरण्यातच दिवस सरायचा आणि वर्णनात्मक नोंदी एकमेकांच्या वहीतून उतरायच्या. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये वेगळं घडलं. मुलानं स्वतः करून पाहत ज्ञान घडवायचं, हा ज्ञानरचनावाद तिथल्या जिल्हा परिषद शाळांत फरशीवर उतरला. फरशीवर आखलेल्या आकृत्या आणि हातात साहित्य घेऊन मुलं गटागटानं शिकत. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. दुसऱ्या शिक्षकाचा चालता वर्ग पाहून जे पटतं, ते दोन दिवसांच्या प्रशिक्षणात पटत नाही. परत आल्यावर काही ठिकाणी नुसत्या फरश्या रंगल्या, याचं मला वाईट वाटतं. पाहून आलेलं मुरायला निदान एक वर्ष द्यायला हवं होतं.

2025 पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आहे, तेव्हा तुमच्या नातवाच्या बाईही सध्या चाचपडत असतील. घरी तुम्ही ‘पंचवीस’च म्हणा. त्यानं 52 लिहिलं तर खोडू नका. शेंगदाण्यांच्या दहा-दहाच्या वाट्या मांडा आणि विचारा, ‘भरलेल्या वाट्या किती?’