भट्टीला पांघरूण, पण श्वास मोकळा

आमच्या शाखेतील अनिवासी भारतीय कक्षात सुट्टीवर आलेले ग्राहक भेटतात, तेव्हा खात्यांच्या जोडीने तिकडच्या संसाराच्याही गोष्टी निघतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात स्थायिक झालेल्या एका ग्राहकांनी मध्यंतरी विचारले, ‘‘अंगणातला स्मोकर हिवाळ्यात नीट तापतच नाही. त्याला जुनी गोधडी गुंडाळली तर चालेल का?’’ याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. परंतु त्यामागील कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

स्मोकर म्हणजे मांस वा मासे लाकडाच्या धुरात मंद आचेवर शिजवण्याची झाकणबंद भट्टी. तिच्यात साधारणतः ११० ते १२० अंश सेल्सिअस तापमान कित्येक तास टिकवावे लागते. मिनेसोटात जानेवारीत पारा कधी कधी उणे २० अंशांखाली उतरतो. अशा वेळी पातळ पत्र्यातून उष्णता सतत बाहेर पडते आणि वारा ती झपाट्याने हिरावून नेतो. जमेपेक्षा खर्च वाढला की शिल्लक घटते, हा खातेवहीचा नियम येथेही लागू पडतो. आच अपुरी पडल्यास मांस ४ ते ६० अंशांच्या दरम्यान रेंगाळते आणि त्यात रोगजंतू वेगाने वाढतात.

म्हणून प्रथम वारा अडवावा. भट्टी आडोशाला, परंतु उघड्यावर आणि घरापासून किमान ३ मीटर दूर ठेवावी. झाकण वारंवार उघडू नये. मांस आतून शिजले की नाही, हे तापमापीनेच पाहावे. कोंबडीसाठी ७४ अंश आवश्यक आहेत.

त्यानंतर आवरणाचा विचार करावा. उत्पादकाने त्याच भट्टीसाठी तयार केलेले आवरण सर्वोत्तम. काहीजण वेल्डिंगच्या ठिणग्या अडवणारे अग्निरोधक कापड वापरतात; ते किती तापमान सोसते, हे आधी तपासावे आणि काचतंतू सुटणारे कापड अन्नाजवळ आणू नये. गोधडी पेट घेते, प्लास्टिक आणि थर्माकोल वितळतात. या वस्तू कटाक्षाने टाळाव्यात.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की हवा आत येण्याची छिद्रे व धुराडे कधीही झाकू नये. त्यांवर साचलेला बर्फही काढावा. प्राणवायू कमी पडला की कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. या वायूला रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. म्हणूनच दार उघडे ठेवूनही गॅरेजमध्ये भट्टी पेटवू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये हिमवादळाने वीज गेली, तेव्हा काहींनी उबेसाठी कोळशाच्या शेगड्या घरात पेटवल्या आणि अनेकांना विषबाधा झाली. आपल्याकडेही उत्तर भारतात बंद खोलीतील अंगीठीने थंडीच्या दिवसांत कुटुंबेच्या कुटुंबे झोपेत दगावल्याच्या बातम्या येतात.

स्वयंपाक आटोपल्यावरही निखारे राखेखाली कित्येक तास धगधगत राहतात. राख झाकणाच्या धातूच्या डब्यात, घराबाहेर ठेवावी आणि पूर्ण थंड झाल्यावरच टाकावी.

हे सर्व ऐकून ते ग्राहक हसून म्हणाले, ‘‘म्हणजे गोधडी आपल्यालाच!’’ अगदी खरे. भट्टीचे अंग जरूर झाकावे, मात्र तिचा श्वास मोकळा ठेवावा. त्यावर घरातील माणसांचा श्वासही अवलंबून असतो.